जुने चर्च पाडावे का?

मागच्या महिन्यात आमच्या धर्मग्रामाच्या सभेत चर्चच्या छपराचा विषय निघाला. पावसाळ्यात वेदीच्या डाव्या अंगाला गळते, वासे किडले आहेत, सणाच्या मिस्साला निम्मे लोक मांडवात उभे असतात. तरुणांचे म्हणणे, पाडून नवे बांधू. वडीलधारी मंडळी म्हणाली, आमच्या वाडवडिलांनी डोक्यावरून दगड वाहिले, त्यांवर घण घालणारे तुम्ही कोण? आवाज चढले. निर्णय न होताच सभा उठली. घरी परतताना आम्हांला दोन्ही बाजू खऱ्या वाटत होत्या, आणि अडचण तीच आहे.

त्यानंतर एका नातलगाच्या लग्नासाठी दादरला जाण्याचा योग आला. गोखले रोडवरचे 'पोर्तुगीज चर्च' मुंबईत कोणाला ठाऊक नाही? बसचा थांबाही त्याच नावाचा. खरे नाव अवर लेडी ऑफ साल्व्हेशन, म्हणजे तारणाची माता. फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी ते १५९६ साली स्थापन केले. पुढे १६६५ साली मुंबई पोर्तुगीजांकडून इंग्रजांकडे गेली, इंग्रजही गेले, पण नाव टिकले. मात्र ते नाव ऐकून कोणी जाड भिंती आणि कौलारू छप्पर शोधत गेला तर फसेल. आज तेथे उभी आहे ती १९७४ ते १९७७ या काळात बांधलेली काँक्रीटची वास्तू. आराखडा चार्ल्स कोरिया यांचा. साबरमतीचे गांधी स्मारक संग्रहालय ज्यांनी घडवले, तेच हे कोरिया.

आत शिरल्यावर प्रथम आम्ही थोडे गोंधळलोच. एक लांबलचक सभागृह आणि टोकाला वेदी, अशी आपल्या डोळ्यांना सवय. येथे एकमेकांत गुंतलेली दालने, मधूनमधून उघडी अंगणे, आणि दालनांवर वर निमुळते होत गेलेले काँक्रीटचे उंच घुमट. गरम हवा वर चढून निघून जाते आणि अंगणांतून वारा आत येतो. मे महिन्याच्या लग्नात सुटाबुटातल्या नवऱ्या मुलाला याचे मोल विचारावे! संगमरवराचा दिमाख नाही, सोनेरी नक्षी नाही. आमच्या शेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ कुजबुजले, "अजून मला हे चर्च वाटत नाही हो." पण ख्रिस्तप्रसादाच्या वेळी रांगेत ते आमच्या पुढे होते.

दुसरी व्हॅटिकन परिषद १९६५ साली संपली. भाविकाने मिस्सा नुसती पाहू नये, तिच्यात सहभागी व्हावे, असा तिचा आग्रह होता. लोकभाषेत मिस्सा सुरू झाली, धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले. अशा काळात जुन्या इमारतींकडे लोक नव्या नजरेने पाहू लागले, यात नवल नाही. माहीमचे सेंट मायकल चर्चही सोळाव्या शतकातले. त्याची आजची इमारत १९७३ सालची.

याच्या नेमके उलट उदाहरण आमच्या वसईच्या किल्ल्यात आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकला. तेथील चर्चच्या भिंती आणि कमानी आजही उभ्या आहेत. फ्रान्सिस्कनांच्या चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज अक्षरे कोरलेल्या समाधीशिळा आहेत. मुले त्यांवर बसून डबा खातात, लग्न ठरलेली जोडपी फोटो काढतात. दगड राहिले, पण रोजची प्रार्थना गेली. दादरला जुने दगड गेले आणि प्रार्थना राहिली. मग जुने चर्च नक्की कोठे टिकले?

उत्तर सोपे आहे असे वाटेल. भाविक म्हणजेच जिवंत धोंडे, हे संत पेत्राच्या पत्रातून आपण लहानपणापासून ऐकतो. पण तेवढ्यावर घण उचलणे आम्हांला पटत नाही. ज्या दारात आईने आपल्याला बाप्तिस्म्यासाठी उचलून आणले, ज्या दारातून तिची शवपेटी बाहेर गेली, ते दार म्हणजे नुसते लाकूड नव्हे. माणसाची आठवण हवेत राहत नाही, तिला जागा लागते. ज्यांनी उपाशीपोटी श्रमदान केले त्यांचे आपण काही देणे लागतो. मात्र उद्या ज्या मुलांना आत बसायला जागा नसेल, त्यांचेही लागतो. मेलेल्यांना सभेत हात वर करता येत नाही, आणि अजून न जन्मलेल्यांनाही नाही.

स्पष्ट बोलायचे तर आमचा राग पाडण्यावर नाही, पाडण्यामागच्या हौसेवर आहे. शेजारच्या गावाने ग्रॅनाइट बसवले म्हणून आपणही बसवायचे, झुंबरे टांगायची, आणि देणगीदारांच्या नावांची पाटी संतांच्या मूर्तीहून मोठी करायची, यासाठी वाडवडिलांची एक वीटही हलवू नये. वारा खेळावा, म्हाताऱ्यांना पायऱ्या चढाव्या लागू नयेत, मागच्या माणसालाही प्रवचन ऐकू यावे, अशासाठी पाडायचे असेल तर विचार करता येईल. तोही आधी छपराच्या डागडुजीचा हिशेब करून.

पुढची सभा येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आहे. इंजिनियरांना दोन्ही खर्चांचे अंदाज आणायला सांगितले आहे, डागडुजीचा वेगळा आणि नव्या बांधकामाचा वेगळा. एका आजीबाईंनी मात्र फादरांना आताच विचारून ठेवले आहे, "काम चालेल तितके दिवस घंटा कुठे टांगणार?"