पवनचक्की कशासाठी उभारली?

सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात, कोयनेच्या जलाशयावरच्या वनकुसवडे पठारावर नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहू लागल्या. त्या घेणाऱ्या अनेकांचा वीजधंद्याशी काडीचा संबंध नव्हता. ओढ होती घसाऱ्याची: यंत्राची सगळी किंमत पहिल्याच वर्षी उत्पन्नातून वजा करता येई. पुढे ही सवलत ८० टक्क्यांवर आली.

कर वाचवण्यासाठी केलेलं सत्कर्म सत्कर्म ठरतं का?

मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी इंग्रज तत्त्वज्ञ मिल याच्या उपयुक्ततावादाशी वाद घातला. कर्माची योग्यता बाह्य फळावरून नव्हे, कर्त्याच्या बुद्धीवरून ठरवावी, हा त्यांचा निष्कर्ष. यावर पठारावरून सरळ उत्तर येतं: तारेतून जाणाऱ्या युनिटला मालकाची बुद्धी चिकटलेली नसते, तेवढा कोळसा वाचतोच.

पण हेतू यंत्रापर्यंत पोचतोच. सवलत मिळे ती यंत्र उभारण्यावर, वीज काढण्यावर नव्हे. सह्याद्रीत वारा खरा जोर धरतो तो जून ते सप्टेंबरात. त्याच धुक्यापावसात गिअरबॉक्स बिघडला, तर घाटातून क्रेन वर चढवायची कुणी? ज्याचा लाभ मार्चच्या ताळेबंदातच पदरात पडला, त्याला घाई कसली! म्हणूनच २००९ अखेर सरकारने युनिटमागे ५० पैसे देऊ केले. २०१२ साली दोन्ही सवलती थांबल्या आणि नवी उभारणी वर्षभरात जवळपास निम्म्यावर आली. किती जण वाऱ्यासाठी आले होते आणि किती करासाठी, हे त्या एका वर्षाने दाखवून दिलं. घसारा २०१४ मध्ये परतला. २०१७ पासून वीजखरेदीचे लिलाव आले. युनिटचा दर त्याच वर्षी फेब्रुवारीतल्या ३.४६ रुपयांवरून डिसेंबरात २.४३ वर घसरला. आता विकलेल्या युनिटवरच धंदा तगवायचा होता. स्वार्थ तोच राहिला, पण यंत्र फिरतं ठेवल्याखेरीज तो साधेना. टिळकांना ही बुद्धीची शुद्धी वाटली नसती, आणि तसं म्हणणं रास्तच ठरलं असतं.

खरी कसोटी जुन्या पठारांवर आहे. उत्तम वाऱ्याच्या जागा साडेतीनशे किलोवॉटच्या आसपासच्या यंत्रांनी अडवल्या आहेत. आजचं एकच यंत्र दोन-तीन मेगावॉटचं असतं. ते बसवायचं तर शेजारच्या अनेक मालकांनी आपापली जागा सोडून एकत्र यायला हवं. अशा नूतनीकरणाचं धोरण २०१६ साली आलं. तरीही देशात हे काम फारच थोड्या ठिकाणी झालं आहे.