देणे लिहून ठेवा



जनाज्याच्या नमाजपूर्वी मय्यतीचा मुलगा पुढे येऊन म्हणतो, "मरहूमांकडे कुणाचे देणे राहिले असेल, तर त्यांनी माफ करावे किंवा आम्हांला भेटावे." आमच्या मोहल्ल्यातील शिवणकाम करणाऱ्या एका बांधवाच्या जनाज्यात मी हे शब्द ऐकले. चौथ्या दिवशी तीन माणसे मुलाला भेटली. एकाने आठ हजार सांगितले, दुसऱ्याने वीस हजार, तिसरा म्हणाला, "तुझ्या अम्मीला विचार, तिला ठाऊक असेल." आत इद्दतीत बसलेल्या त्या भगिनीला यांतील काहीच ठाऊक नव्हते. घरात साधी चिठ्ठीही सापडली नाही. ती तिघे खोटे बोलत होती, असे मी म्हणत नाही. परंतु खरे काय ते ठरविण्याचे साधनच उरले नव्हते.

त्या रात्री मला सूरह अल-बकराची २८२वी आयत आठवली. पवित्र कुरआनातील ही सर्वांत दीर्घ आयत, आणि तिचा विषय आहे देण्याघेण्याची नोंद! मुदतीने उधारी केलीत तर ती लिहा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, अशी तिची शिकवण आहे. त्याआधीच्या आयतींत व्याजाचा निषेध आहे आणि अडचणीतील कर्जदाराला सवड देण्याचा उपदेश आहे. ज्या ग्रंथाने आपल्याला नमाज शिकविली, त्यानेच आपल्याला हिशेबाची वहीही दिली आहे.

सहीह बुखारीत नोंद आहे की, एका जनाज्याच्या वेळी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मय्यतीवर कर्ज आहे काय, असे विचारले. तीन दीनार देणे होते आणि मागे काहीच शिल्लक नव्हते. तेव्हा त्यांनी सहाबांना नमाज अदा करण्यास सांगितले आणि स्वतः थांबले. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज आपल्या शिरावर घेतले, त्यानंतरच प्रेषितांनी (स.) नमाज पढविली. तीन दीनारांचे ओझे एवढे असेल, तर आपल्या विसरलेल्या हजारांचे किती असेल?

वाचकहो, "आमची मिळकतच तुटपुंजी, लिहायचे काय?" असे अनेकजण म्हणतात. वस्तुतः ज्याची मिळकत थोडी, त्यालाच वहीची गरज अधिक. एक साधी वही घ्या. एका पानावर जमा, दुसऱ्यावर खर्च, आणि शेवटची पाने देण्याघेण्यासाठी राखा: कुणाकडून, किती, कोणत्या तारखेला, केव्हा फेडायचे. इशाच्या नमाजनंतर पती-पत्नीने पाच मिनिटे एकत्र बसून ती भरावी. पत्नीपासून कर्ज लपविणारा पती तिची काळजी वाचवीत नाही. तो ती काळजी तिच्या इद्दतीसाठी शिल्लक ठेवतो.

महिनाभरात वही स्वतः बोलू लागेल. दररोज २० रुपयांची तंबाखू-सुपारी वर्षाला ७,३०० रुपये खाते, हे ती दाखवील. सूरह अल-फुरकानमध्ये अल्लाहच्या दासांचे लक्षण सांगितले आहे, की ते खर्चात उधळपट्टीही करीत नाहीत आणि कंजूषपणाही. हा मध्यममार्ग अंदाजाने सापडत नाही, हिशेबानेच सापडतो.

ईद, जूनमधील वह्या-पुस्तके, पावसाळ्यापूर्वीची घरदुरुस्ती हे खर्च अचानक येत नाहीत. हिजरी वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने ईद दरवर्षी अलीकडे सरकते, एवढेच ध्यानात ठेवावे. हे सारे मिळून वर्षाला १२,००० होत असतील, तर दरमहा १,००० आधीच बाजूला काढा. बचत करणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. हजरत यूसुफ (अलै.) यांनी सुकाळाच्या सात वर्षांत धान्य कणसातच राखून ठेवण्यास सांगितले होते, आणि स्वतः प्रेषितांनी (स.) आपल्या कुटुंबासाठी वर्षभराची शिधासामग्री ठेवल्याचे हदीसमध्ये आले आहे.

भगिनी मोहल्ल्यात भिशी लावतात. सर्वांनी सारखी रक्कम भरून पाळीपाळीने तेवढीच उचलली, तर ती परस्परांची मदत आहे. परंतु जिथे पाळीचा लिलाव होतो आणि गरजू बाई कमी रक्कम घेऊन पूर्ण हप्ते भरते, तिथे व्याज मागच्या दाराने शिरते. अशा भिशीपासून दूर राहा.

आणि जो बांधव आधीच कर्जात बुडाला आहे, त्याने लाजून सावकाराच्या दारी जाऊ नये. सूरह अत-तौबामध्ये जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत कर्जदारही आहे. तो आपला हक्क घेतो, भीक मागत नाही. मात्र जमातीपुढे येताना त्याच्या हाती वही असावी, म्हणजे मदत करणाऱ्यालाही नेमके ओझे कळेल.

त्या शिवणकाम करणाऱ्या बांधवाच्या मुलाने आता वही घेतली आहे. पहिल्या पानावर त्याने त्या तिघांची नावे लिहिली आहेत आणि दरमहा थोडेथोडे फेडतो आहे. आपल्या मुलांवर ही वेळ येऊ नये, म्हणून आज रात्रीच लिहावयास बसा.

हे अल्लाह! आम्हांला हलाल रोजीत बरकत दे, कर्जाच्या ओझ्यापासून आमचे रक्षण कर आणि कुणाचा हक्क मानेवर घेऊन आम्हांला तुझ्यासमोर उभे करू नकोस. आमीन.