ताठ जागा

लाकडी धनुष्य हाताने घडवताना दांडा तासून आकाराला आणण्याचं काम तुलनेने लवकर उरकतं. खरा वेळ लागतो तो पुढे, दोन्ही बाहूंना सारखं वाकायला लावण्यात. इंग्लंड-अमेरिकेतले कारागीर याला टिलरिंग म्हणतात. भिंतीवर एक फळी पक्की केलेली असते. तिच्या खाचेत धनुष्याची मूठ बसवायची, दोरी खालच्या कप्पीतून थोडी थोडी ओढायची आणि चार पावलं मागे सरून बघायचं. जवळून काही कळत नाही. दुरून मात्र लगेच दिसतं, की डावा बाहू झोकात वळतोय आणि उजवा मुठीपासून वीतभर ताठ राहून पुढे एकाच ठिकाणी खटकन वाकतोय.

नजर साहजिकच त्या वाकणाऱ्या जागेवर खिळते. पण तिथे हात लावायचा नाही. लाकूड काढता येतं, घालता येत नाही; त्या जागेला भरती देण्याचा काहीच उपाय कारागिराकडे नसतो. म्हणून पेन्सिलीच्या खुणा करायच्या त्या तिच्या अलीकडच्या-पलीकडच्या ताठ भागांवर, आणि खरवडायचं तेही तिथलंच. तो भाग थोडा सैल झाला, की आपल्या वाट्याचं वाकायला लागतो आणि दमलेल्या जागेवरचा भार आपोआप उतरतो.

खरवडायचं ते पोटाकडून, म्हणजे तिरंदाजाच्या बाजूने. धनुष्य ओढलं, की पाठीला ताण बसतो आणि पोटाला दाब. पाठीवरचे तंतू सलग राहिलेच पाहिजेत, एवढासा काप गेला तरी चीर तिथूनच सुरू होते. पोलादी पत्रीने निघणारी सालपटं इतकी पातळ असतात, की श्वासानेही उडतात. तरी त्यांचा हिशेब मोठा आहे. दांड्याची जाडी १० टक्क्यांनी कमी झाली, तर तिथला ताठपणा सुमारे २७ टक्क्यांनी घटतो, कारण तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. म्हणूनच चार हात मारायचे, मग पंचवीस-तीस वेळा हलकेच ओढून सोडायचं आणि पुन्हा मागे सरून बघायचं. नुकतंच खरवडलेलं लाकूड आपला बदल लगेच दाखवत नाही, वाकवत राहिल्यावर दाखवतं.

हे न करता तसंच ओढत राहिलं, तर काय होतं? दर ओढीला सगळं वाकणं त्या एकाच जागेवर येतं. पोटाकडचे तंतू चिरडतात, दोरी उतरवली तरी ती जागा पूर्वीसारखी सरळ होत नाही. जितकी वाकली तितकी नरम, जितकी नरम तितकी आणखी वाकणार.

अशी एक जागा बहुतेक घरांत असते. दवाखान्यात रात्री कोण थांबणार, पाहुण्यांचं कोण बघणार, लग्नातली पडेल ती कामं कोण उचलणार? ‘तिला सांगा, ती नाही म्हणत नाही.’ वर्षानुवर्षं सांगितलं जातं, ती करत राहते, आणि एक दिवस कोलमडायला आली, की सल्लाही तिलाच मिळतो: जरा खंबीर हो, मनाला लावून घेऊ नकोस. बाकीच्यांना कोणी काही म्हणत नाही. मला हा अन्याय वाटतो, आणि धनुष्य घडवणाऱ्याची पद्धत त्याहून कितीतरी शहाणी वाटते. वाकलेल्या जागेला तो उपदेश करत नाही. तो ताठ भाग शोधतो. त्या भागाला दोषही देत नाही. तिथलं लाकूड जाड आणि निरोगी असतं, त्याने आपल्या वाट्याचं वाकणं फक्त अजून उचललेलं नसतं.

धनुष्य घडवण्याच्या या पद्धतीची किंमत मोजावी लागते. धनुष्य पूर्ण ओढायला लागणारं बळ पौंडांत मोजतात. ताठ भाग खरवडत गेलं, की ते बळ उतरत जातं. मनात ५० पौंडांचं धनुष्य असतं आणि सगळी वळणं जुळेपर्यंत हातात ४० पौंडांचं उरतं. इथे अनेकांचा जीव कासावीस होतो. दोष दिसत असतो, तरी ‘पूर्ण ओढून तर बघू’ असं वाटतं, आणि कित्येक चांगले दांडे याच क्षणी मोडतात. जाणत्यांचा नियम कडक आहे: वाकण्यात खोट दिसली, की ती निघेपर्यंत त्यापुढे एक बोटभरही ओढायचं नाही.

इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या ‘मेरी रोज’ या युद्धनौकेचं नाव इतिहासात अशाच लाकडी धनुष्यांमुळेही राहिलं. १५४५ साली पोर्ट्समथजवळ ती बुडाली, १९८२ साली तिचा सांगाडा वर काढण्यात आला, आणि त्या अवशेषांत १३७ अखंड धनुष्यं मिळाली. यू नावाच्या झाडाची, माणसाहून उंच. पाठीला सालीलगतचं पांढरट लाकूड, जे ताण सोसतं. पोटाला गाभ्याचं तांबूस लाकूड, जे दाब सोसतं. नौका बुडाली त्याच वर्षी रॉजर अॅस्कम या विद्वानाचं धनुर्विद्येवरचं ‘टॉक्सोफिलस’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं. राजकन्या एलिझाबेथला पुढे त्यांनीच शिकवलं. धनुष्य विकत घेणाऱ्याला ते सांगतात, की आधी ते मैदानात नेऊन जड बाणांनी भरपूर चालवा, कुठे जास्त वाकतंय ते बघा, आणि मग चांगल्या कारागिराकडे परत न्या. तो ते थोडं आखूड करेल, खरवडेल आणि गोलाईत आणेल. म्हणजे दुकानातून नवं घेतलेलं धनुष्यसुद्धा ते तयार धरत नाहीत. चालवल्यावर कळणारी गोष्ट आधी कळेल, अशी त्यांची अपेक्षाच नाही.