गोळीचा नेम



गळ्यात माळ, एकादशी आणि पंढरीची वारी, हा आपला नेम. तो मोडू नये हे आपण पाळण्यापासून ऐकतो. पण देह आजारी पडला, वैद्याने दुसरा नेम घालून दिला, आणि दोहोंचा तंटा लागला, तर काय करावे? हा प्रश्न आमच्यावरच आला, म्हणून बोलतो.

तीन वर्षांमागे आम्हांस रक्ताचा कर्करोग निघाला. डॉक्टर त्यास सीएमएल म्हणतात. वर्षाकाठी लाखात एखाददुसऱ्यास होणारा हा रोग. पेशीतील ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात, आणि पांढऱ्या पेशींना 'वाढा, वाढा' असा हुकूम सुटतो. ही खूण १९६० साली अमेरिकेत फिलाडेल्फियास सापडली. तो हुकूम अडविणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ साली तेथे मान्य झाली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली मूळ कंपनीला पेटंट नाकारले, म्हणून स्वस्त गोळी गरिबाच्या हाती राहिली.

गोळी रोज, जेवणासोबत, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावयाची. आम्ही तर एकादशीस पाण्याखेरीज काही घेत नसू. मग त्या दिवशी गोळीही सोडली. पुढे आषाढीच्या वाटेवर मळमळू लागले, पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, तेव्हा वारी संपेतो ती बंदच ठेवली. बरे वाटले! विठ्ठलानेच बरे केले, असे लोकांस सांगितलेही. परत चंदगडास आलो, रक्त तपासले, तो रोग पुन्हा वर चढलेला.

सज्जनहो, तो विश्वास नव्हता, अहंकार होता. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत सांगतात, अति खाणाऱ्यास योग नाही, तसा मुळीच न खाणाऱ्यासही नाही. हे आम्ही शेकडो वेळा कीर्तनात सांगितले, आणि स्वतःच विसरलो!

आता एकादशीस भगर आणि शेंगदाण्याची आमटी पोटभर घेतो, आणि त्यासोबत गोळी. उपवासही राहतो, औषधही. सकाळी डोळ्यांभोवती सूज येते, लोक विचारतात, "महाराज, रडलात काय?" आम्ही हसतो. पण वजन एकाएकी वाढले, धाप लागली किंवा ताप आला, तर हसण्यावारी नेत नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठतो. कुणी झाडपाल्याचा काढा दिला, तर डॉक्टरांस दाखविल्याविना घेत नाही. तो गोळीच्या आड येऊ शकतो. त्रास सोसवेना तर डॉक्टर मात्रा बदलतात, दुसरी गोळी देतात. आपल्या मनाने सोडू नये. आमच्याकडचा पाऊस वाटा अडवितो, म्हणून पंधरा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच पुढच्या आणाव्या.

देह पांडुरंगाची ठेव आहे. ठेव सांभाळणे ही चाकरीच. माळ जपाची आणि गोळी औषधाची, दोन्ही त्याच्याच नावाने रोज हाती घ्याव्या.

पुंडलीक वरदे हरी विठ्ठल!