यंत्राची निगा आणि माणसाचा भार

नेरळहून माथेरानला निघालेला मोटाररस्ता दस्तुरी नाक्यापाशी संपतो. पुढे गाव आहे, बाजारपेठ आहे, पॉइंट आहेत. परंतु मोटारीला तेथे मज्जाव आहे. गाडी स्वस्तातली असो की महागातली, मालक गरीब असो की श्रीमंत, तिला नाक्यावरच विसावावे लागते. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली हा डोंगर इंग्रजांच्या नजरेस आणून दिला. तेव्हापासून आजवर जगात वाहनांचा एवढा पूर लोटला. परंतु माथेरानने आपला उंबरठा राखला. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आणि या मर्यादेला कायद्याचे अधिक बळ मिळाले. याच नाक्यावर काही वर्षांपूर्वी एक प्रश्न आमच्या मनात रुतून बसला. तो वाचकांपुढे मांडावा, असे फार दिवस मनात होते.

प्रश्नाचा आरंभ मात्र माथेरानला नव्हे, न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरात झाला. आमचा एक भाचा तेथे स्थायिक आहे. २०१८ साली आम्ही दोन आठवडे त्याच्याकडे राहिलो होतो. त्याच्या घरामागील शेडमध्ये १९७१ सालची एक डॅटसन २४०झेड गाडी होती. जपानच्या निस्सान कंपनीने १९६९च्या अखेरीस ही दोन आसनी क्रीडामोटार बाजारात आणली. लांब पुढा, सहा सिलिंडरचे जवळजवळ २,४०० सीसीचे इंजिन, आणि अमेरिकेतील किंमत अवघी ३,५२६ डॉलर! युरोपातील नामांकित गाड्यांपेक्षा कितीतरी कमी पैशांत तसाच वेग आणि तसेच सौष्ठव मिळू लागले आणि जपानी माल म्हणजे हलका माल, हा जगाचा समज डळमळला.

भाच्याने ही गाडी एका शेतावरच्या गोठ्यातून विकत घेतली, तेव्हा ती गंजून चाळण झाली होती. त्या काळातला पातळ पत्रा आणि समुद्रकाठची खारी हवा यांचे कधी जमले नाही. बॅटरीखालचा तबक, पायांखालचा तळ, चाकांवरच्या कमानी, सारे कापून नवे पत्रे जोडावे लागले. त्याने त्यासाठी सात वर्षे दिली. आठवडाभर नोकरी करावी आणि शनिवारी दुपारी शेडमध्ये शिरावे, असा त्याचा क्रम होता.

आम्ही एका स्टुलावर बसून ते काम पाहत असू. या इंजिनाला दोन कार्ब्युरेटर आहेत. दोघांनी सारखीच हवा ओढली तर इंजिन सुरेल चालते. एकाने कमी व दुसऱ्याने जास्त ओढली की ते धापा टाकू लागते. यासाठी उपकरणे मिळतात. पण भाचा रबरी नळीचा एक तुकडा घेई, त्याचे एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी आणि दुसरे आपल्या कानाशी धरी आणि डोळे मिटून ऐके. मग दुसऱ्या कार्ब्युरेटरचा श्वास ऐके. स्क्रू केसभर फिरवी, पुन्हा ऐके. व्हॉल्व्हमधील फट मोजायची तीही इंजिन तापलेले असताना, मिलिमीटरच्या शतांशांत : आत येणाऱ्या वाटेला पाव मिलिमीटर, बाहेर जाणाऱ्या वाटेला किंचित अधिक. एका संध्याकाळी तो आम्हांला फेरफटक्याला घेऊन निघाला. थोडे अंतर जातो न जातो तोच त्याने गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली. आम्हांला काहीच वेगळे जाणवले नव्हते. तो म्हणाला, “फादरमामा, हिचा आवाज बदललाय. अशीच दामटली तर दुखावेल.” आम्ही पायी घरी परतलो.

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. लोखंडाच्या एका वस्तूवर माणसाने एवढा जीव लावावा, हे योग्य की अयोग्य?

अयोग्य म्हणणाऱ्यांचे म्हणणे सहज समजण्यासारखे आहे. ज्या पैशांत एखाद्या मुलाचे शिक्षण व्हावे तो पैसा हौसेच्या गाडीवर का खर्चावा? संत ऑगस्टीन यांनी काही गोष्टी वापरण्यासाठी असतात आणि काही स्वतःसाठीच प्रिय मानण्याच्या असतात, असा भेद केला आहे. वापरायच्या वस्तूवर जडलेले प्रेम माणसाची वाट चुकवते, हा त्यांचा इशारा सोळा शतकांनंतरही जुना झालेला नाही. ज्याने वस्तू बाळगली त्याला पुढे वस्तूच बाळगू लागते, हे आपण घरोघरी पाहतो.

परंतु प्रकरण इतके सोपे नाही. दुरुस्ती हे एक शील आहे, असे आम्हांस वाटते. बिघडलेल्या यंत्रापुढे पदवी चालत नाही, वशिला चालत नाही, रागावून भागत नाही आणि गोड बोलूनही भागत नाही. बिघाड कोठे आहे हे शोधण्यासाठी आपला अंदाज चुकला असे दहा वेळा कबूल करावे लागते. त्या अर्थी पान्हा हाती धरणारा मनुष्य नकळत नम्रता शिकत असतो. दुसरे असे की, मोडले की फेका आणि नवे आणा या आजच्या रीतीला तो आपल्या कृतीने नकार देत असतो. संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठांसाठी जी नियमावली घालून दिली, तिच्यात मठाची भांडीकुंडी व अवजारे कोठीप्रमुखाने वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी मानावीत, अशी शिकवण आहे. सहाव्या शतकातील तो संत वस्तूंचा लोभी नव्हता. वस्तू कोणाच्या तरी श्रमातून आलेली असते आणि कोणाच्या तरी उपयोगाची असते, म्हणून ती हेळसांडू नये, एवढेच त्याला सांगायचे होते.

असल्या निगेचे उदाहरण पाहण्यासाठी ऑकलंडला जाण्याचीही गरज नाही. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशांतून आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीतून नेरळ-माथेरानची छोटी रेल्वे उभी राहिली. १९०४ साली काम निघाले आणि १९०७ साली गाडी धावू लागली. रुळांमधले अंतर अवघे दोन फूट, लांबी सुमारे एकवीस किलोमीटर आणि वाट इतकी वळणांची की, तीवर चालण्यासाठी जर्मनीहून खास इंजिने करवून आणली होती. त्यांच्या टोकाच्या चाकांना वळणावर बाजूला सरकण्याची मुभा होती. वाफेचा काळ सरला, डिझेल आले. २००५ सालच्या जुलैतील अतिवृष्टीने मार्ग वाहून गेला, तो पुन्हा बांधला. २०१९च्या पावसाळ्याने पुन्हा उखडला. ऑक्टोबर २०२२मध्ये गाडी पुन्हा नेरळहून वर चढली. स्लीपर बदलले, रूळ बदलले, डबे बदलले. तरी आपण तिला तीच माथेरानची गाडी म्हणतो.

प्राचीन ग्रीकांनी हाच प्रश्न थीसिअसच्या जहाजाविषयी विचारला होता. एकेक फळी बदलत सर्वच फळ्या नव्या झाल्या, तर जहाज तेच का? प्लूटार्कने ही चर्चा नोंदवून ठेवली आहे. भाच्याच्या गाडीचाही निम्मा पत्रा नवा आहे. आमचे उत्तर असे की, वस्तूचे तेपण पत्र्यात नसते, ते तिच्या घडणीत आणि ती घडण जपणाऱ्या हातांत असते. हात थांबले की, सर्व मूळ भाग शाबूत असूनही गाडी भंगार होते. येथपर्यंत आमचा विचार सरळ चालला होता आणि भाच्याच्या बाजूने निकाल देऊन आम्ही स्वस्थ झालो होतो.

जानेवारी २०१९मध्ये भाचा सुटीवर आला. त्याला नेरळचा घाट पाहायचा होता. टॅक्सी पहिल्या गिअरमध्ये कशी चढते, उतरताना ब्रेकवर भार न टाकता इंजिनाच्या जोरावर वेग कसा आवरावा, हे तो ड्रायव्हरला लहान मुलाच्या उत्सुकतेने विचारीत होता. दस्तुरीला उतरलो तेव्हा अमन लॉजहून सुटणारी गाडी नुकतीच निघून गेली होती. बाजारपेठ तेथून जवळजवळ तीन किलोमीटर. आमच्या गुडघ्याचे दुखणे जुने आहे. हातरिक्षा ओढणारा एक वयस्क गृहस्थ पुढे आला व म्हणाला, “साहेब, बसा.” आम्ही बसलो. भाच्यासाठी दुसरी रिक्षा होती, पण तो पायी चालू लागला.

लाल मातीची, दगडगोट्यांची ती वाट. एक जण पुढे ओढीत होता, दुसरा मागून रेटीत होता. आम्ही झाडांकडे, माकडांकडे पाहत होतो. पहिल्या चढावर भाचा आमच्या अगदी जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, “फादरमामा, त्यांचा श्वास ऐकताय का? शिट्टी वाजतेय. माझी गाडी असा आवाज करायला लागली असती, तर मी जागच्या जागी थांबवली असती.”

आम्ही उतरलो. ठरलेले पैसे हातावर ठेवले आणि पायी निघालो. तेव्हा त्या गृहस्थाचा चेहरा उजळला नाही. तो म्हणाला, “साहेब, तुम्ही आज पैसे दिलेत. पण सगळेच असे चालत गेले, तर आम्ही खायचं काय?”

त्या दोन वाक्यांमध्ये आम्ही अडकलो ते आजतागायत. बसावे तर त्याच्या छातीवर बसावे लागते. न बसावे तर त्याच्या पोटावर पाय येतो. पुष्कळ सज्जन माणसे येथे मनाची समजूत घालतात की, तो राजीखुशीने ओढतो, आपण त्याला रोजगार देतो. आम्हीही रिक्षात चढताना हेच म्हटले होते. परंतु ज्याच्यापुढे दुसरी वाटच नाही, त्याच्या होकाराला राजीखुशी म्हणणे ही भाषेची चलाखी आहे. त्याची गरज खरी होती. तिच्यामुळे आमची सोय न्याय्य ठरत नव्हती.

मग आम्ही स्वतःला विचारले, शिट्टी आम्हांला का ऐकू आली नाही? आमचे कान काही बधिर नाहीत. याचे उत्तर अप्रिय आहे. भाच्याला गाडीचा श्वास ऐकू येई, कारण गाडी त्याची होती. ती बिघडली तर नुकसान त्याचे होते. हातरिक्षा ओढणारा कोणाच्याच मालकीचा नव्हता; आणि तसा तो नसावा, ही तर मानवाच्या प्रगतीची खूण! पण ज्याच्यावर मालकी नाही त्याची निगाही राखायची नाही, असा आपला अलिखित व्यवहार होऊन बसला आहे. आपली काळजी मालकीच्या कुंपणाशी येऊन थबकते, जशी मोटार दस्तुरीला थबकते.

थीसिअसच्या जहाजाची गोष्ट येथे उलटी होते. जहाज राहावे म्हणून फळ्या बदलतात. त्या वाटेवर रिक्षा राहावी म्हणून माणसे बदलत गेली. एकाचा दम संपला की, दुसरा दांडा धरी. फळीची झीज फळीलाच ठाऊक नसते. माणसाच्या फुप्फुसाची झीज मात्र त्याच्या घरातील प्रत्येकाला ठाऊक असते आणि तिचा सुटा भाग कोणत्याही दुकानात मिळत नाही.

वनराईसाठी मोटारी थांबवल्या, हे उत्तम झाले. तथापि त्या पुण्याची किंमत कोणी मोजली? यंत्राला बंदी केली आणि त्याचा भार माणसाच्या पाठीवर ठेवला, हा हिशेब पुष्कळ काळ कोणी उघडून पाहिला नाही. अखेर रिक्षा ओढणाऱ्यांनीच तो मांडला. त्यांच्या संघटनेच्या प्रयत्नांतून सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली ई-रिक्षांचा प्रयोग करण्यास अनुमती दिली आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात तो सुरू झाला. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने माणसाने माणसाला ओढून नेण्याची ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला बाधक ठरवली. सहा महिन्यांत ती टप्प्याटप्प्याने बंद करावी आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचे पुनर्वसन करावे, असा आदेश राज्याला दिला. यात सर्वांचे समाधान होणे कठीण. घोडेवाल्यांना आपल्या पोटाची चिंता आहे. वाहन एकदा शिरले की थांबायचे कोठे, ही वनप्रेमींची शंकाही पोकळ नाही. न्याय एका बाजूला करताना दुसरी बाजू उघडी पडणार नाही, हे पाहत राहणे हे काम निकालाने संपत नाही. तेही एक प्रकारचे निगराणीचेच काम आहे.

आणि म्हणून भाच्याच्या शेडविषयी आमचा निकाल आम्ही थोडा सुधारून घेतला आहे. यंत्रावर जीव लावण्यात पाप नाही. ती कान तयार करण्याची शाळा आहे. दोष घडतो तो शाळेतून बाहेर पडताना कान तेथेच ठेवून आल्यावर. जो हात केसभर स्क्रू फिरवण्यासाठी श्वास रोखून धरतो, त्याने घरातील मोलकरणीचा वाकलेला कणा, हमालाच्या डोक्यावरचे ओझे, आपल्याच वृद्ध आईची धाप ऐकायला शिकले पाहिजे. तेथे आपली मालकी नसते, म्हणूनच तेथली निगा खरी.

ई-रिक्षा हेही शेवटी यंत्रच. बॅटरी वेळेवर भरावी लागेल, पावसाळ्यात वायरिंग जपावे लागेल, त्या चढउतारावर ब्रेक रोज पाहावे लागतील. दांडा धरणाऱ्या हातांना आता पान्हा धरावा लागेल. त्यांनी यंत्राची काळजी घ्यावी आणि यंत्राने त्यांच्या छातीवरचा भार उचलावा, यात यंत्राचाही मान आहे. आमचे म्हणाल तर गुडघा दुखला तरी अमन लॉजच्या बाकावर बसून पुढच्या गाडीची वाट पाहण्याचे आम्ही ठरवले आहे. तेवढा वेळ आमच्यापाशी तेव्हाही होता.