प्रार्थना दोन्ही बाजूंनी

१८ मे २०२३, हिल्सबरो मैदान, इंज्युरी टाइमचे आठवे मिनिट. लियम पामरने जवळून चेंडू जाळ्यात मारला आणि पहिल्या सामन्यात पीटरबरोकडून ०-४ असा सपाटून मार खाल्लेल्या शेफिल्ड वेन्सडेने दोन्ही सामन्यांच्या एकूण गोलांत बरोबरी साधली. जादा वेळेत दोन्ही संघांच्या खात्यात एकेक गोल जमा झाला, मग पेनल्टी शूटआउट वेन्सडेने ५-३ असा जिंकला. वरच्या डिव्हिजनमधल्या बढतीसाठीच्या इंग्लिश प्लेऑफमध्ये चार गोलांची पिछाडी त्याआधी कोणी भरून काढली नव्हती.

वेन्सडेचा मॅनेजर डॅरेन मूर हा श्रद्धाळू ख्रिस्ती. देव पावला, असे म्हणायला याहून चांगली रात्र कुठली? पण गाऱ्हाणे पीटरबरोच्या चाहत्यांनीही घातले असेलच की. मग देवाने कोणाचे ऐकायचे?

मूरची कारकीर्द पाहिली की हा प्रश्न आणखी टोचतो. धिप्पाड सेंटर बॅक. टॉर्की, डॉन्कॅस्टर अशा खालच्या डिव्हिजनच्या क्लबांत त्याची उमेदवारी झाली. पुढे ब्रॅडफर्ड, वेस्ट ब्रॉम (दोनदा) आणि डर्बी या संघांबरोबर त्याने प्रीमियर लीगमध्ये बढती मिळवली. मॅनेजर म्हणून मात्र नशिबाने त्याची थट्टाच मांडली. एप्रिल २०१८ मध्ये वेस्ट ब्रॉमच्या हंगामी मॅनेजरपदी असताना तो प्रीमियर लीगचा त्या महिन्याचा सर्वोत्तम मॅनेजर ठरला, तरी संघ खाली घसरलाच. पुढच्या मोसमात संघ चौथ्या स्थानावर असताना त्याला नारळ मिळाला. २०२१ मध्ये वेन्सडेत रुजू होऊन महिना-दीड महिना होतो न होतो तोच कोविड आणि न्यूमोनियाने त्याला गाठले. क्लबचीही घसरण झाली. २०२३ मध्ये ९६ गुण मिळवूनही संघ तिसराच राहिला, म्हणून तर प्लेऑफची पाळी आली. वेम्बलीवरच्या अंतिम सामन्यात १२३व्या मिनिटाला जॉश विंडासने हेडरने गोल केला. हरले कोण, तर बार्नस्ली, मूरचाच एक जुना क्लब! आणि या बढतीनंतर तीन आठवड्यांत मूर आणि वेन्सडे यांची फारकत झाली.

नवसाच्या हिशेबात हे बसत नाही. ‘देवाची योजना’ म्हणावे, तर तिच्यात काहीही बसते, म्हणून ती काहीच सांगत नाही. उरतो तिसरा पर्याय: प्रार्थना निकालासाठी नसते, ती करणाऱ्याला निकाल पेलण्याचे बळ देते. कर्म आणि फळ यांची फारकत शिकलेल्या आपल्या वाचकाला हे लगेच पटेल. पण इथे एक अडचण आहे. केवळ मन शांत करायचे, तर क्लबचा मानसोपचारतज्ज्ञही पुरतो. श्रद्धाळू माणूस मात्र समोर कोणीतरी ऐकते आहे, असे धरून बोलतो. ऐकणारा वगळला, तर प्रार्थनेचा फक्त व्यायाम उरतो.

पोर्ट्समथमधला त्याचा सहकारी, बचावपटू लिनव्हॉय प्रायमस आणि मिक मेलोज यांच्यासह मूरने ‘फेथ अँड फुटबॉल’ ही सेवाभावी संस्था उभी केली. मुलांसाठीचे हे काम गुणतक्त्यावर अवलंबून नाही. ऐकणारा आहे की नाही, याचा पुरावा त्यातून मिळत नाही. पण ऐकणारा आहे असे मानणाऱ्याने मागण्याखेरीज दुसरे काय करायचे, याचे एक उत्तर मिळते. मूरने मॅनेजरकीही सोडली नाही. २०२४ मध्ये त्याच्या हाताखाली पोर्ट व्हेल लीग टूमध्ये घसरला, पुढच्याच मोसमात दुसरा येऊन वर चढला.