‘आम्ही सगळे’ शक्तिमान बघायचो

एप्रिल २०२०मध्ये, टाळेबंदी सुरू असताना, दूरदर्शनने ‘रामायण’ आणि ‘महाभारत’च्या पाठोपाठ ‘शक्तिमान’ही पुन्हा दाखवायला घेतलं. माझ्या आगेमागे जन्मलेल्या लोकांच्या तेव्हा दोन प्रतिक्रिया होत्या. एक म्हणजे, अरेरे, हे इतकं सुमार होतं? दुसरी म्हणजे, सुमार असेल, पण आमचं बालपण शेवटचं खरं बालपण होतं. आम्ही सगळे एका टीव्हीसमोर बसायचो, आताच्या पोरांना हातातल्या स्क्रीनमध्ये ते काय कळणार. पहिलीबद्दल मला फारसं म्हणायचं नाही. दुसरीतले ‘आम्ही सगळे’ हे दोन शब्द मात्र तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाहीत.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘शक्तिमान’ १३ सप्टेंबर १९९७ला सुरू झाली आणि २७ मार्च २००५ला संपली. मुकेश खन्ना शक्तिमान, सुरेंद्र पाल तमराज किल्विष. हे दोघे त्याआधी बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारता’त भीष्म आणि द्रोण होते, म्हणजे कुरुक्षेत्रावर एकाच बाजूने लढलेले, घरातल्या मोठ्यांना याची फार गंमत वाटायची. शक्तिमान पंचमहाभूतं, कुंडलिनी आणि चक्रं यांतून शक्ती मिळवायचा. एरवी तो ‘आज की आवाज’ नावाच्या वर्तमानपत्रात दात पुढे आलेला, चष्मा लावणारा, लांबलचक नावाचा फोटोग्राफर गंगाधर असायचा. सुपरमॅनचं दुहेरी आयुष्य आणि योगाच्या शिबिरातलं प्रवचन एकत्र घोटलं तर जे होईल ते. गोल फिरत उडून जायचा, आणि ते फिरणं बघूनच आमचं पोट भरायचं.

ती सुरू झाली तेव्हा मी पाळण्यात होतो. माझ्या वाट्याला शेवटची दोन-तीन वर्षं आली, वणीत.

वणी हे कोळशाचं गाव आहे. उकणी, निलजई, कोलार पिंपरी या खाणी जवळच. ट्रकांची रांग आणि सगळ्यावर बसणारी काळी धूळ यांच्याशिवाय गावाचं वर्णन पुरं होत नाही. इथला कोळसा वीजकेंद्रांकडे जातो. शेजारच्याच जिल्ह्यात चंद्रपूरचं केंद्र होतं, तेव्हा २३४० मेगावॉटचं, राज्यातलं सगळ्यात मोठं. आणि वणीत तासन्‌तास लाइट नसायची. मुंबई त्या काळात भारनियमनातून वगळलेली होती. हे मला अर्थातच पुढे कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं की रविवारी दुपारी लाइट असेल की नाही यावर आठवड्याचं सुखदुःख ठरतं. कोळसा कंपनीच्या कॉलनीत लाइट जात नाही असा आमचा ठाम समज होता. खरा होता की नाही, कोण जाणे. पण सायकल असलेली पोट्टी लाइट गेली की कॉलनीच्या दिशेने सुटायची.

म्हणजे ‘सगळ्या देशाने एकाच वेळी पाहिलं’ हे वाक्य वणीपुरतंसुद्धा खरं नव्हतं. कोणी अर्धा भाग पाहिलेला, कोणी शेवटची पाच मिनिटं, कोणी नुसता आवाज ऐकलेला, कारण अँटेना हलला की चित्राची खिचडी व्हायची.

आमच्या मोहल्ल्यात ज्यांच्या घरी आम्ही जायचो त्यांचा टीव्ही रंगीत होता. घरमालकांच्या दोन मुलांची जागा दिवाणावर. ओळखीतल्या घरातली आम्ही पोरं फरशीवर. मोठ्या मुली स्वयंपाकघराच्या दारात, एक कान आत आणि एक डोळा बाहेर, कारण रविवारची दुपार म्हणजे कणकेची परात. आणि रस्त्याच्या पलीकडच्या वस्तीतली पोरं ओट्यावर, खिडकीच्या गजांना धरून. त्यांना कोणी हाकलत नव्हतं. आत या असंही कोणी म्हणत नव्हतं. त्या घरच्या काकू वाईट बाई नव्हत्या. उन्हाळ्यात ओट्यावरच्या पोरांना पाणी द्यायच्या. तांब्या उंचावरून ओतायच्या, पोरं ओंजळीने प्यायची. आम्हाला आत पेले मिळायचे.

हे मी काही शोध लावल्यासारखं सांगत नाही. विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात वाढलेल्या माणसाला या बसण्याच्या व्यवस्थेचा अर्थ सांगावा लागत नाही. मला नवल वेगळ्याच गोष्टीचं वाटतं. ही व्यवस्था आम्हा सगळ्यांना आठवते, कोण कुठे बसायचं हे विचारलं तर चटकन सांगता येतं, आणि तरीही आम्ही ‘सगळे एकत्र बसून’ म्हणतो. स्मृती शाबूत असते आणि वाक्य खोटं असतं.

फेब्रुवारी २०२२मध्ये सोनी पिक्चर्सने शक्तिमानवर चित्रपट काढणार असल्याची घोषणा केली. त्या दिवशी आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उत्साहाला उधाण आलं. पार्ले-जीच्या पुड्यांचे फोटो, किल्विषचे संवाद, ‘काय दिवस होते यार’. त्या ग्रुपवर ओट्यावरच्यांपैकी एकजण आहे, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. त्याने लिहिलं, “मी तं एकही भाग आत बसून नाई पाह्यला बे.” एवढंच. पुढे स्मायलीही नाही. थोड्या वेळाने उत्तरं आली. एकाने हसण्याचं चिन्ह टाकलं. एकजण म्हणाला, तेव्हा आपण लहान होतो, आपल्याला काय कळत होतं. एकजण म्हणाला, इथे जात कशाला आणतो, काकू सगळ्यांनाच ओरडायच्या. मग कोणीतरी गंगाधरचं मीम टाकलं आणि गाडी पुढे गेली.

यातलं कोणीच खोटं बोलत नव्हतं, आणि म्हणून मला हा प्रसंग विचार करण्यासारखा वाटतो. आम्ही लहान होतो, खरं. काकू सगळ्यांना ओरडायच्या, तेही खरं. आणि त्याने जातीचं नाव काढलंच नव्हतं. ते काढलं उत्तर देणाऱ्याने, म्हणजे खिडकीचा अर्थ त्याला पक्का ठाऊक होता.

अविशाय मार्गालित या इस्रायली तत्त्ववेत्त्याचं ‘द एथिक्स ऑफ मेमरी’ नावाचं २००२ सालचं पुस्तक आहे. त्यात तो दोन प्रकारच्या स्मृतींमध्ये फरक करतो. एखादी गोष्ट पुष्कळ लोकांना, ज्याची त्याला, आठवते. ती नुसती समाईक स्मृती, बेरीज केल्यासारखी. दुसरी असते वाटून घेतलेली स्मृती. त्यात निरनिराळ्या कोनांतून पाहिलेलं एकमेकांना सांगून एक चित्र जुळवलं जातं. लक्षात ठेवण्याचं कामच जणू वाटून घेतलेलं असतं. तो बुखारेस्टच्या चौकाचं उदाहरण देतो, १९८९मध्ये चाउशेस्कूची जिथे हुर्यो उडवली गेली तो चौक. जो चौकात नव्हता तोही त्या स्मृतीत सामील होऊ शकतो, चौकात असलेल्यांच्या सांगण्यातून. मला हे वाचताना ओटा दिसला. त्या हिशेबाने आमच्या मोहल्ल्याला शक्तिमानची समाईक स्मृती भरपूर आहे. वाटून घेतलेली होण्याची संधी एकदा आली, त्या एका ओळीच्या रूपात, आणि ग्रुपने तिच्यावर मीम टाकलं.

माझ्या रोजच्या कामात एक साधी सवय लावून घ्यावी लागते. दहा सर्व्हरच्या नोंदी एकत्र करून तक्ता बनवला आणि त्यात एकही तक्रार दिसली नाही, तर खूश होण्याआधी बघायचं की दहाही सर्व्हर नोंदी पाठवत आहेत ना. जो बंद पडलाय त्याच्याकडून तक्रार येत नसतेच. ‘आम्ही सगळे’चा तक्ता असाच हिरवागार असतो.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मी हलका समजत नाही. एका सात वर्षांच्या पोराने फरशीवर बसून, तोंड उघडं टाकून, मनापासून घेतलेल्या आनंदाला आता वीस वर्षांनी सामाजिक न्यायाच्या कोर्टात कशाला उभं करायचं? प्रत्येक गोड आठवणीत असा खडा काढत बसलं तर माणसाने मागे वळून बघायचंच नाही का? माझं म्हणणं असं की आनंद परत करायची गरज नाही. तो झाला तो झाला, आणि निखळ होता. पण आपण नुसतं आठवून थांबत नाही. आठवणीचा पुरावा करतो. ‘तेव्हा असं काही नव्हतं, सगळे मिळून मिसळून राहायचे, हे सगळं आताच्या राजकारणाने आणलं’ हे वाक्य मी वणीत, पुण्यात, ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर, शंभर वेळा ऐकलंय, आणि त्याच्या आधाराला बहुतेक वेळा असंच काहीतरी येतं: एक टीव्ही, गणपती, गल्लीतलं क्रिकेट. आठवण साक्षीला उभी राहिली की तिला उलटतपासणीला तोंड द्यावंच लागतं. तिथे ‘मी लहान होतो’ हे उत्तर पुरत नाही. लहान साक्षीदाराने नीट पाहिलेलं असतं. मोठा झालेलाच त्याची साक्ष बदलत असतो.

जाता जाता शब्दाबद्दल. इंग्रजी ‘नॉस्टॅल्जिया’च्या पोटात ग्रीक दुःख आहे, घरच्या ओढीने होणारं. मराठीत आपण त्याला स्मरणरंजन म्हणतो, म्हणजे दुःख वगळून रंजन ठेवलं. शब्द चांगलाच आहे, प्रामाणिकही आहे. फक्त ओट्यावरून पाहिलेल्या शक्तिमानला तो लावता येत नाही, आणि त्या आठवणीला लावायला दुसरा शब्द माझ्याकडे नाही. ‘कटू आठवण’ म्हणावं तर तेही बरोबर नाही. तो मला म्हणाला होता, शक्तिमान त्याला आमच्याइतकाच आवडायचा, कदाचित जास्त.

मालिकेच्या शेवटी मुलांना चांगल्या सवयी शिकवणारा एक तुकडा असायचा, ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’. पुढे ‘सॉरी शक्तिमान’. कोणीतरी मूल काहीतरी चुकीचं करायचं आणि शक्तिमान समजावून सांगायचा. याची टिंगल करणं सोपं आहे, पण ते आमच्या अंगात भिनलं होतं. मुलांचा त्याच्यावर विश्वासच तसा होता; शक्तिमान वाचवायला येईल म्हणून मुलांनी स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्याही तेव्हा छापून आल्या होत्या, आणि असं करू नका म्हणून मुकेश खन्नांना मुलांना सांगावं लागलं होतं. हात धुवा, खोटं बोलू नका, कचरा टाकू नका, मोठ्यांचं ऐका. मला आठवतात त्या सगळ्या सूचनांत चूक ही नेहमी एका मुलाची होती. सगळं घर मिळून करतं, ज्यात कोणाचाच आवाज चढत नाही आणि वर पाणीही दिलं जातं, अशा गोष्टीबद्दल शक्तिमानकडे काही नव्हतं. ‘मोठ्यांचं ऐका’ असं शिकवणाऱ्याकडे ते असणारही कसं?

२०२४मध्ये शक्तिमानच्या भूमिकेत रणवीर सिंग नको म्हणून मुकेश खन्नांनी जाहीर विरोध केला. त्यावर माझ्या फोनवर पुन्हा वाद झाले, शक्तिमान नक्की कोणाचा. खन्नांचा, कंपनीचा, की ‘आमचा’? मला वाटतं, प्रेक्षकाचा हक्क तिसऱ्या क्रमांकावर यावा इतकासा लहान नाही, पण तो सांगणाऱ्याने आपल्या प्रेक्षकांची यादी तरी पूर्ण द्यावी.

आमच्याकडे ती यादी वेगळ्या कारणानेही अपुरी आहे. ज्या रविवारी लाइट नसायची त्या रविवारी शक्तिमान बंद नसायचा. आम्ही ओट्यावर येऊन बसायचो, आणि तो, ज्याने एकही भाग आत बसून पाहिला नाही, भाग सांगायचा. त्याच्या खिडकीपर्यंत आवाज धड पोचत नसे, त्यामुळे संवाद त्याने स्वतःच बनवलेले असत, आणि टीव्हीवरच्यापेक्षा बरे असत. त्याचा किल्विष वऱ्हाडी बोलायचा. डॉक्टर जॅकालची प्रयोगशाळा राजूरच्या चुनाभट्टीत होती. वणीतल्या आमच्या वयाच्या पोरांना जो शक्तिमान माहीत आहे त्यातला निदान एक तृतीयांश मुकेश खन्नांचा नाही, याचा आहे. २०२०मध्ये लोकांना मालिका फिकी वाटली त्याचं एक कारण, माझ्यापुरतं तरी, हेच असावं. पडद्यावरचं तेवढं परत आलं होतं.

त्याचा एक भाग मला फार स्पष्ट आठवत होता. किल्विष उकणीच्या खाणीतून निघालेली कोळशाची आख्खी मालगाडी गिळतो, गावात अंधार होतो, आणि शक्तिमान गोल फिरत खाणीच्या तळाशी उतरतो. कित्येक वर्षं मी हा दूरदर्शनवर पाहिलाय असं धरून चाललो होतो. मालिका यूट्यूबवर आहे, मी शोधला. असा भाग असणं शक्यच नाही, किल्विषला उकणी कुठून माहीत असणार.

मागच्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा त्याला भेटून विचारलं, भाऊ, त्याचा शेवट काय होता? शक्तिमान खाणीत उतरतो, मग पुढे?

तो आधी आठवत राहिला. मग म्हणाला, “शेवट सांगतलाच नाई ना मी. लाइट आली, अन् तुमी सारे आत पयाले.”